चप्पल निसटली ते कळलंच नाही : अमायलॉइडोसिस आणि मी

जून २०२२, शाळा नुकतीच सुरू झाली होती. परिपाठ संपवून मी व्हरांड्यातून वर्गाकडे निघाले आणि मागून पोरं ओरडली, “बाई, चप्पल!” वळून पाहिलं तर उजव्या पायातली चप्पल पाच-सहा पावलं मागे चिखलात पडलेली. तेवढं अंतर मी एका पायाने अनवाणी चालले होते आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता. पोरं हसली, मीही हसले. चप्पल सैल झाली असेल म्हणून बाजारच्या दिवशी नवी घेतली. तीही निसटायची.

ज्यांच्या रिपोर्टवर ‘अमायलॉइडोसिस’ हा शब्द नुकताच आलाय आणि घरात कुणालाच तो धड उच्चारताही येत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे पहिला महिनाभर तो ‘अमोलचा आजार’ होता, कारण सासूबाईंना तेवढंच ऐकू आलं. मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते, वय ५४. गाव कृष्णाकाठी, पुणे तीन-साडेतीन तासांवर. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. पुढे त्यांच्या वह्यांचा उल्लेख येईल म्हणून आधीच सांगितलं. आकडे सगळे माझे आहेत. तुमचे वेगळे असतील आणि तुमचे डॉक्टर तुम्हाला वेगळं सांगतील. त्यांचं ऐका.

तर पाय. त्या पावसाळ्यात तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. दिवाळीपर्यंत रात्री तळपाय असे पेटायचे की मी उठून फरशीवर पाय टेकवून बसायचे. पांघरूणही सहन व्हायचं नाही. साखर तीनदा तपासली, तिन्ही वेळा नॉर्मल. बी-१२ची इंजेक्शनं झाली, मग गोळ्या. त्याच दरम्यान फळ्यावर लिहिताना उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली, खडू गळून पडायचा. शिक्षकांना होतंच असं, मनगटातली नस दबते, असं सांगण्यात आलं आणि फेब्रुवारी २०२३मध्ये मनगटाचं छोटं ऑपरेशन झालं. खर्च २८ हजार. बोटं थोडी सुधारली. महिन्याभरात डावा हात तसाच करायला लागला.

आणखी एक गोष्ट घडली. ती तेव्हा चांगली बातमी वाटली होती. मला बारा वर्षं बीपीची गोळी चालू होती. त्या उन्हाळ्यात बीपी आपोआप उतरलं, गोळी अर्धी झाली, मग बंदच झाली. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलं की मीठ कमी केल्याचा गुण आला बघ. खरं तर उभं राहिल्यावर बीपी सांभाळणाऱ्या नसाच, म्हणजे मज्जातंतू, कामातून गेल्या होत्या. पण बीपी ‘बरं झालं’ म्हणून कोण डॉक्टरकडे जातं?

जुलैत पायांवर सूज आली. बोटाने दाबलं की खळगा राहायचा. लघवीला फेस यायचा, डिटर्जंट टाकल्यासारखा, पाणी ओतलं तरी न मोडणारा. लघवीत प्रोटीन ‘तीन प्लस’ निघालं आणि आम्हाला पुण्याला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं गेलं. इथून माझ्या दोन फायली झाल्या. निळी किडनीची, पिवळी नसांची. हातापायांच्या नसांची एन.सी.व्ही. चाचणी दुसऱ्या डॉक्टरांनी केली होती. निळी फाईल निळ्या डॉक्टरांकडे न्यायची, पिवळी पिवळ्यांकडे. दोन्ही एकाच पिशवीत टाकाव्यात हे आम्हाला सुचलं नाही, आणि कुणी मागितल्याही नाहीत.

चोवीस तासांची लघवी जमवायला सांगितली. ही चाचणी साधी वाटते, पण बहुतेक लोक ती चुकवतात. मीही पहिल्यांदा चुकवली. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवीसुद्धा कॅनमध्येच. मी पहिल्या दिवशीचीही धरली, त्यामुळे आकडा फुगला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. शाळेच्या दिवशी हे जमत नाही, रविवार धरा. दुसऱ्या वेळी प्रोटीनचा आकडा आला ६.२ ग्रॅम. साडेतीनच्या वर गेला की डॉक्टर सरसावून बसतात. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन उतरून २.१, कोलेस्टेरॉल चढून ३४० आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मात्र १.१. म्हणजे किडनी गाळत होती, पण जाळी फाटली होती.

किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायचं, म्हणजे बायोप्सी करायचं ठरलं. बायोप्सीच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण माहिती लिहून घ्यायला आली. शिकाऊ असावी, माझ्या मुलीच्या वयाची. तिने माझं मनगट हातात घेतलं आणि ऑपरेशनच्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, “हे कशाचं?” मग दुसरा हात. मग पाय. मग “बीपीची गोळी कधी बंद झाली?” मी सांगत गेले तशी तिचं पेन थांबलं. तिने मला आडवं करून बीपी घेतलं, ११८-७६. उभं करून तीन मिनिटांनी घेतलं, ८२-५०. मला डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तिनेच धरलं. जीभ बाहेर काढायला लावली, पापण्या बघितल्या. “तुमची नसांची फाईल कुठे आहे?” मी म्हटलं, घरी, कपाटात. ह्यांनी मुलाला फोन लावला, त्याने गावी शेजाऱ्यांना, आणि शेजाऱ्याच्या पोराने कपाट उघडून एकेका पानाचा फोटो काढून पाठवला. पिवळी फाईल अशी मोबाईलवरून निळ्या फायलीला येऊन भेटली.

बायोप्सी ६ सप्टेंबर २०२३ला झाली, गोकुळाष्टमीला. त्याआधी रक्त गोठण्याच्या तपासण्या केल्या. ह्या आजारात रक्तस्राव होण्याची शक्यता जास्त असते म्हणून त्या नीट बघतात, ॲस्पिरिन वगैरे चालू असेल तर आधी सांगा. पालथं झोपवतात, पोटाखाली उशी. सोनोग्राफीत बघून पाठीवर जागा बधिर करतात, मग “श्वास रोखा” म्हणतात आणि स्टेपलर मारल्यासारखा खट्ट आवाज येतो. असं दोनदा झालं. दुखलं फार नाही. त्रास पुढचा आहे, सहा तास पाठीवर सरळ पडून राहायचं, लघवीसुद्धा भांड्यात, आणि प्रत्येक वेळी तिचा रंग दाखवायचा. बाहेर दुसऱ्या दिवशीच्या दहीहंडीसाठी स्पीकर लावून बघत होते. मी छताच्या पंख्याची पाती मोजत पडले होते. एका दिवसाच्या भरतीसह सगळ्या तपासण्यांचे २६ हजार झाले. भरतीच्या आदल्या दिवसापासून भांड्यात लघवी करायची सवय घरीच करून बघा. ऐनवेळी होत नाही आणि मग नळी घालावी लागते.

रिपोर्ट पाचव्या दिवशी आला. “काँगो रेड पॉझिटिव्ह.” किडनीच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर फोटो दाखवला. किडनीच्या गाळणीत काहीतरी गुलाबीसर लुकण भरल्यासारखं. काँगो रेड नावाच्या रंगाने ते रंगतं आणि विशिष्ट प्रकाशाखाली धरलं की कच्च्या सफरचंदासारखं हिरवं चमकतं. त्यांनी सांगितलं की हे चुकीच्या घडीचं प्रोटीन आहे. शरीराला ते विरघळवता येत नाही, म्हणून ते अवयवांत साठत जातं. तुमच्या किडनीत साठलंय आणि बहुधा नसांतही.

मग त्यांनी नावाची गोष्ट सांगितली आणि त्या भयंकर दुपारी मला चक्क गंमत वाटली. १८५४मध्ये व्हिर्चो नावाच्या जर्मन डॉक्टरने असल्या साठ्यावर आयोडीन टाकून बघितलं. रंग बदलला म्हणून त्याला ते स्टार्चसारखं वाटलं, आणि स्टार्चच्या लॅटिन नावावरून त्याने ह्याला अमायलॉइड म्हटलं. आता हा प्रयोग मी दरवर्षी पोरांना करून दाखवते! बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब, निळा-काळा डाग, “सांगा पाहू, काय आहे यात?” नंतर कळलं की ते पिठूळ नसून प्रोटीन होतं, पण नाव तसंच राहिलं. वीस वर्षं पोरांना उत्तर विचारणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या किडनीत चुकीचं उत्तर साठत होतं.

ह्या आजाराचे प्रकार आहेत आणि उपचार प्रकारावर ठरतात, म्हणून ‘अमायलॉइडोसिस’ एवढंच ऐकून घरी जाऊ नका, कुठला ते विचारा. जुना टीबी किंवा वर्षानुवर्षांचा संधिवात यांतून होणारा एक, यकृतात तयार होणाऱ्या प्रोटीनमुळे होणारा एक. त्यातला काही घराण्यात चालत येतो आणि नसांना धरतो, म्हणून मला चार वेळा विचारलं की आईवडिलांना, मामांना पायाचा किंवा हृदयाचा असा त्रास होता का. तिसरा प्रकार माझा, ए.एल. हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशींची (जंतूंशी लढणारी प्रोटीनं बनवणाऱ्या पेशींची) एक टोळी बिघडते आणि ‘लाइट चेन’ नावाचे प्रोटीनचे तुकडे भरमसाट तयार करते. माझ्या बायोप्सीत ते ‘लॅम्डा’ जातीचे निघाले, स्पष्ट. तसे निघाले नसते तर नमुना आणखी एका महागड्या तपासणीला पाठवावा लागला असता.

मग तिसरे डॉक्टर, रक्तविकारांचे. तिथे वेटिंग हॉलच्या बोर्डावर ‘कर्करोग’ लिहिलेलं वाचून हे बाहेरच थांबले, चहा पिऊन येतो म्हणाले आणि पाऊण तास आले नाहीत. डॉक्टरांना मी सरळ विचारलं, हा कॅन्सर आहे का? ते म्हणाले, “त्याचा चुलतभाऊ समजा. औषधं तीच, पण तुमच्या त्या पेशी संख्येने थोड्या आहेत. त्रास पेशींचा नाही, त्या जे सांडतात त्याचा आहे.”

पुढचे दहा दिवस नुसत्या तपासण्या. त्यात मधे गणपती आले, १९ सप्टेंबरला. मोदक जावेने केले, मी खुर्चीवर बसून कळ्या मोजल्या. फ्री लाइट चेन नावाची रक्ततपासणी ही ह्या आजाराची मुख्य पट्टी. साडेचार हजार रुपये, रिपोर्टला तीन दिवस. माझी लॅम्डा ३१० आणि दुसऱ्या जातीची लाइट चेन, कॅप्पा, १८. दोघांचं गुणोत्तर (कॅप्पा भागिले लॅम्डा) साधारण ०.२६ ते १.६५ असावं लागतं, माझं ०.०५८. ही तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या मशीनवरचे आकडे एकमेकांशी लावून बघता येत नाहीत. मगजाची तपासणी कंबरेच्या हाडातून होते. सुई दुखत नाही, पण आतून ओढतात तेव्हा आपलंच काहीतरी निसटून चाललंय असं वाटतं. प्लाझ्मा पेशी ११ टक्के. मग हृदय. इको आणि रक्तातल्या दोन तपासण्या. ह्या आजारात भवितव्य बरंचसं हृदयावर ठरतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि नव्हतं ते बरंच झालं. हृदयावरचा ताण दाखवणारा एन.टी. प्रो-बी.एन.पी. २९० आला, डॉक्टर म्हणाले ३३२च्या आत आहे. तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

आता पेच. ह्या आजाराचं मुख्य औषध बोर्टेझोमिब. नसांना होणारी इजा हा त्याचा ठळक दुष्परिणाम. म्हणजे नसा आधीच अर्धमेल्या आणि वाचवणारं औषध त्यांनाच चावणारं. डाराटुमुमॅब नावाचं नवं औषध त्या मानाने नसांना सौम्य. अमेरिकेत २०२१च्या जानेवारीत ह्याच आजारासाठी त्याला मान्यता मिळाली होती. पण आम्हाला दिलेल्या अंदाजपत्रकातला महिन्याचा आकडा वाचून ह्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि बराच वेळ बोलले नाहीत. स्वतःच्या मूळपेशींचं रोपणही बीपी असं कोसळत असल्यामुळे डॉक्टरांनी बाजूला ठेवलं. शेवटी ठरलं ते असं. बोर्टेझोमिब आठवड्यातून एकदाच, शिरेतून न देता पोटाच्या कातडीखाली, म्हणजे नसांना त्रास कमी. सोबत सायक्लोफॉस्फामाइडच्या गोळ्या आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आमच्याकडे नुसतं ‘डेक्सा’. आणि दर आठवड्याला डॉक्टर माझ्याकडून ब्लाउजचं एक हूक लावून घेणार, टाचणी टोचून बघणार. बधिरपणा वाढला तर डोस कमी.

पहिलं इंजेक्शन मंगळवार, १० ऑक्टोबर २०२३. त्यानंतर मंगळवार हा आमच्याकडे देवीचा वार राहिला नाही. पाडवाही त्या वर्षी मंगळवारी आला. सकाळी ह्यांना ओवाळलं, सातच्या गाडीला बसलो आणि दुपारी सुई. इंजेक्शनची जागा दर वेळी बदलायची. पोटावर लाल चकंदळं उठतात, आठ-दहा दिवसांत जातात. कुपी, डे-केअर, गोळ्या धरून आठवड्याला साडेसहा हजारांच्या आसपास. नागीण होऊ नये म्हणून ॲसायक्लोव्हिरची गोळी रोज, ती चुकवायची नाही. एका भाचीने प्रेमाने ग्रीन टीची पाकिटं आणून दिली. डॉक्टरांना विचारलं म्हणून बरं, ग्रीन टीतला एक घटक ह्याच औषधाला आडवा येतो. तुमच्याकडे कुणी काढा, पावडर, रस आणला तर आधी त्याचं पाकीट डॉक्टरांपुढे ठेवा.

डेक्साची रात्र हा वेगळाच प्रकार. मंगळवारी रात्री झोप नाही ती नाहीच. दोन वाजता मी तांब्याची भांडी चिंचेने घासत बसायचे, सगळं मागचं फडताळ लख्ख. बुधवारी जगाशी भांडण. गुरुवारी दुपारी फुगा फुटल्यासारखी आडवी. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. आमच्याकडे बुधवारी हे मुद्दाम शेतावर जायचे.

सगळ्यात जास्त मनस्ताप मिठाने दिला. किडनीच्या डॉक्टरांचं म्हणणं, सूज आहे, मीठ बंद. नसांच्या डॉक्टरांचं म्हणणं, उभं राहिल्यावर बीपी पडतं, मीठ वाढवा. दोघांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे होत्या, एकावर मीठ अधोरेखित करून नको आणि दुसऱ्यावर अधोरेखित करून हवं. तीन आठवडे मी सकाळी अळणी भाकरी खायचे आणि चक्कर आली की लिंबू-मीठ-पाणी प्यायचे. वजन चार किलोने वाढलं आणि एकदा न्हाणीघरात पडले, कपाळाला तीन टाके. त्या मंगळवारी हे दोन्ही चिठ्ठ्या घेऊन रक्तविकारांच्या डॉक्टरांसमोर उभे राहिले. म्हणाले, “साहेब, एका गाडीला दोन बोर्ड लावल्यावर पॅसेंजरनं चढायचं कुठं?” डॉक्टरांनी तिथूनच दोघांना फोन लावले. दहा मिनिटांत एकच कागद तयार झाला : मीठ कमीच. सुजेची गोळी सकाळी, पण आडवं-उभं बीपी बघून. मिडोड्रिन ही बीपी वर ठेवणारी गोळी दिवसातून तीनदा, शेवटची संध्याकाळी लवकर, कारण ती घेऊन आडवं झालं की बीपी उलटं चढतं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. मांडीपर्यंतचे घट्ट मोजे, पाय खाली सोडायच्या आधी पलंगावरच चढवायचे.

ते मोजे चढवणं म्हणजे व्यायामशाळा. बोटांत जोर नाही, मोजा इंचभरही सरकत नाही. ह्यांनी युक्ती काढली. दुधाच्या पिशवीसारखी गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी आधी पावलावर चढवायची, तिच्यावरून मोजा ओढायचा आणि मग पुढच्या उघड्या बोटांतून पिशवी खेचून काढायची. मोजे पुढून उघडे असलेलेच घ्या.

त्याच दिवसापासून ह्यांची वही सुरू झाली. वेबिल, म्हणजे कंडक्टरचा फेरीचा हिशेब, लिहायची चाळीस वर्षांची सवय. तारीख, सकाळचं वजन, बीपी आडवं, बीपी उभं, गोळ्या, शेरा. शेऱ्यात “चिडचिड”, “दोन घास जास्त”, “उगीच रडली”. डॉक्टर रिपोर्टाआधी ती वही मागायला लागले.

जानेवारी २०२४मध्ये जुलाब लागले, बीपी एवढं खाली गेलं की तीन दिवस भरती, ४८ हजार. त्याच सुमाराला पायांचा त्रास वाढला. आग आता पोटऱ्यांपर्यंत आली आणि हूक लागेना. डॉक्टरांनी दोन आठवडे सुई थांबवली आणि डोस १.३ वरून १ वर आणला. मी घाबरले, औषध कमी म्हणजे आजार मोकळा. पण लॅम्डा उतरत होती, ३१० वरून ९६, मग ४१. माझ्या हातून एक मूर्खपणा ह्याच काळात घडला. पाय ठणकतात म्हणून मी ते कोमट पाण्यात बुडवून बसले. माझ्या पायांना कोमट वाटणारं पाणी कढत होतं. दोन्ही घोट्यांपर्यंत फोड आले, ते भरायला सात आठवडे गेले. पाणी कोपराने किंवा दुसऱ्या माणसाच्या हाताने बघायचं. रात्री झोपताना तळव्याखाली आरसा धरून पाय बघायचे, काटा, खडा, चिरा काही आहे का. आगीसाठी प्रीगॅबालिन मिळालं. त्यानेही सूज वाढते आणि किडनीप्रमाणे त्याचा डोस कमी करावा लागतो, म्हणून ती गोळी कुठल्याही डॉक्टरांनी लिहिली तरी किडनीच्या डॉक्टरांना दाखवायची.

शेवटची सुई ३० एप्रिल २०२४. सहा सायकल, चोवीस इंजेक्शनं, सहा मंगळवार चुकलेले. लॅम्डा २४, गुणोत्तर मर्यादेत. डॉक्टरांनी हात मिळवला. मी चोवीस तासांच्या लघवीचा रिपोर्ट पुढे केला : ५.८ ग्रॅम. म्हणजे सहा महिन्यांत ६.२ चं ५.८. मी तिथेच रडले. त्यांनी समजावलं की नवं साठणं थांबलंय, जुनं शरीर आपल्या गतीने काढतं, किडनीला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि नसांना त्याहून जास्त, त्याही पूर्ण सुधारतीलच असं नाही. हे कुणीतरी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. रक्त आधी सुधारतं, अवयव मागून येतात. मधले महिने फार वाईट जातात.

त्याच एप्रिलमध्ये लोकसभेच्या निवडणुकीची ड्युटी आली, आमच्याकडे ७ मेला मतदान. केमो चालू असलेल्या बाईला मतदान केंद्राध्यक्ष! अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र, बायोप्सी रिपोर्टची प्रत असं घेऊन हे तहसील कार्यालयात दोनदा गेले. टेबलावरच्या माणसाने रिपोर्ट बघून विचारलं, “हे नेमकं कशात मोडतं?” ह्यांनी वही दाखवली. एका पानावर बीपी ७८-४६ होतं आणि शेऱ्यात “उभी राहिली, पडली”. ड्युटी रद्द झाली.

“कशात मोडतं” हाच प्रश्न वैद्यकीय प्रतिपूर्तीत पुन्हा भेटला. सरकारी नियमांत २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी आहे. तीत अमायलॉइडोसिस नाही. रक्ताचा कर्करोग आहे, मूत्रपिंडरोपण आहे. माझा आजार दोघांच्या मधल्या बोळात. पहिला प्रस्ताव चार महिन्यांनी ‘त्रुटी’ म्हणून परत आला : आजार यादीत नाही, डे-केअरच्या कार्डावर भरतीची वेळ नाही, तीन बिलांवर शिक्का नाही. मग रक्तविकारांच्या डॉक्टरांनी सविस्तर प्रमाणपत्र दिलं. त्यात ‘मगजातील प्लाझ्मा पेशींचा विकार’, ‘केमोथेरपी’ आणि ‘उपचार न केल्यास जिवास धोका’ हे तिन्ही शब्द होते. मगजाचा रिपोर्टही जोडला. जिल्हा शल्यचिकित्सकांकडून पडताळणी होऊन फाईल पुढे सरकली. एकूण बिलं ३ लाख ६२ हजारांची होती, १ लाख ८८ हजार मंजूर झाले, तेही दीड वर्षाने. बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या रक्ततपासण्या सगळ्या कापल्या गेल्या. त्यामुळे प्रत्येक सुईच्या दिवशी डे-केअरचं भरती-डिस्चार्ज कार्ड वेळेसकट मागून घ्या, बिलावर सही-शिक्का तिथल्या तिथे घ्या आणि मूळ कागद देण्याआधी तीन झेरॉक्स काढा. थर्मल कागदावरची मेडिकलची बिलं सहा महिन्यांत कोरी होतात, त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी. रजेचं म्हणाल तर आधी परिवर्तित रजा मागा, अर्जित रजा संपवू नका, आणि हजर होताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो तो शेवटच्या भेटीतच लिहून घ्या.

शाळेत १५ जून २०२४ला परत गेले. वर्ग तळमजल्यावर मागून घेतला. खुर्चीवर बसून शिकवते, फळ्यावर पोरंच लिहितात, त्यामुळे त्यांचं अक्षर सुधारलं. उभं राहायचं असेल तेव्हा पायांची अढी घालून, पोटऱ्या आवळून उभी राहते. हे फिजिओथेरपीच्या मॅडमनी शिकवलं, अंधारी येत नाही.

लघवीतलं प्रोटीन जानेवारी २०२५ला ३.४ ग्रॅम होतं, सप्टेंबरला १.३. सूज गेली, क्रिएटिनिन १.३ वर थांबलंय. डाव्या मनगटाचं ऑपरेशन अजून पुढे ढकललंय. मिडोड्रिन तीनच्या दोन झाल्या. पायांचा त्रास पोटऱ्यांवरून घोट्यांपर्यंत परत आलाय, त्याखाली पाय अजून बधिर आहेत. आता मागून पट्टा असलेले सँडल घालते. पट्टा लावायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढा वेळ पोरं दाराशी थांबून बघतात, लागला की घंटा देतात.

लॅम्डा दर तीन महिन्यांनी बघायची असते, कारण ती टोळी पुन्हा उठू शकते. रिपोर्ट यायच्या तीन दिवसांत मी कुणाशी धड बोलत नाही. पुढची तारीख १२ जानेवारी, सोमवार. रविवारी लघवी जमवायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने तो पाच लिटरचा कॅन मांडीवर घेऊन पुण्याला. मागच्या खेपेला शेजारच्या बाईंनी विचारलं, “दूध कुणासाठी हो?” हे पटकन म्हणाले, “डॉक्टरांसाठी.” ह्या वेळी त्यांनी कॅनला जुन्या साडीची पिशवी शिवून आणली आहे, नाडीसकट.